केटलीच्या तोंडाशी सोडलेली जागा

त्या बाईंच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिले नाही, याचे कारण आळस नव्हता. आळशी माणसाला निदान झोप तरी लागते. पत्रात एकच प्रश्न होता आणि त्याचे खरे उत्तर लाजिरवाणे होते, एवढेच कारण.

पत्र कागदावर आले होते. आमच्या कचेरीत कागदावर येते ते बहुधा विजेचे बिल असते, म्हणून ते आधी हिशेबाच्या टेबलावर गेले आणि तिथून, ‘हाताने लिहिलंय, म्हणजे काकांचंच असणार’ अशा शेऱ्यासह माझ्याकडे आले. आमची संस्था विज्ञानाचे धडे तयार करून वेबसाइटवर ठेवते. वर चित्रफीत, खाली धडा, त्याखाली प्रश्न. धडा वाचून सुचेल ते चित्र काढून पाठवा, असे शेवटी लिहिलेले असते. आलेल्या चित्रांतले एक दर महिन्याला पहिल्या पानावर झळकते. चित्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला यंत्राकडून ताबडतोब उत्तर जाते: ‘वा! तुम्ही अप्रतिम आहात!’ आणि पुढे रंगीत फुगे.

बाईंनी लिहिले होते:

‘महोदय, पाण्याच्या चक्राच्या धड्यावरून मी एक चित्र पाठवले. मी अप्रतिम असल्याचे तुमच्याकडून कळले. मी तशी नाही, हे आमच्या घरातले कोणीही सांगेल. माझा प्रश्न वेगळा आहे. चित्र कोणी पाहिले का? निवडले नाही याबद्दल तक्रार नाही. मी बस डेपोत नोकरी करते. संध्याकाळच्या चित्रशाळेत मला जागा मिळते आहे, महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही कळवायचे आहे. या वयात हे काय खूळ, म्हणून घरचे हसतात, आणि त्यांचे चुकते आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ओळखीची माणसे एकतर कौतुक करतात नाहीतर हसतात. म्हणून कोणा परक्या माणसाने चित्र नीट पाहून काय वाटले ते दोन ओळींत लिहावे. वाईट असेल तर वाईट लिहा, मला रडू येत नाही. पाहिलेच नसेल तर तसे लिहा, म्हणजे मी वाट पाहणार नाही.’

चित्र निवडण्याच्या बैठकीत मी होतो, आणि चित्र कोणी पाहिले नव्हते.

आमच्याकडे चित्रे कशी पाहतात ते सांगायला हवे. काचेच्या भिंतींची एक खोली आहे. तिथे आम्ही चौघे बसतो. समोरच्या पडद्यावर महिन्याची सगळी चित्रे एकदम येतात, प्रत्येक टपालाच्या तिकिटाएवढे. आमचे साहेब म्हणतात, ‘तिकिटाएवढं असताना जे डोळ्यात भरतं, तेच फोनवर भरतं. मोठं करून बघायला आपण काय म्युझियम आहोत?’ तिकिटाएवढ्या आकारात काय डोळ्यात भरते, ते आमच्या पहिल्या पानाने जगाला दाखवून दिले आहे. दोन तळहातांत धरलेली पृथ्वी. पुस्तकांच्या चळतीवर चढून ताऱ्याला हात लावणारे मूल. विजेच्या दिव्यात उगवलेले झाड. ही झाडे आमच्याकडे इतकी उगवली आहेत की एखाद्या पोराला झाडे दिव्यातच होतात असे वाटायचे. धडा चुंबकाचा असो नाहीतर जठराचा, शेवटी पृथ्वी तळहातावर येतेच.

साहेब म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. मला काका म्हणतो. मी ज्या विश्वकोशाच्या कचेरीत आयुष्य काढले ती बंद पडल्यावर त्याने मला इथे आणले, आणि या उपकाराचा त्याने कधी उल्लेख केला नाही. फक्त कोणी भेटायला आले की माझी ओळख करून देताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो, जुन्या कपाटावर ठेवावा तसा. त्याच्या डावीकडे बसते ती चित्रांना रंग-रूप देणारी मुलगी, हिला सगळे सजावट म्हणतात. उजवीकडे आकडेवाला. साइटवर कोण किती वेळ थांबले, कुठे बोट लावले, कुठून पळाले, हे सगळे त्याला ठाऊक असते. दुनियेत दुसरे काही ठाऊक असल्याचे त्याने अजून दाखवलेले नाही.

मी धडे लिहितो आणि निवडलेल्या चित्राच्या कागदावर ‘अचूकता’ या शब्दापुढे सही करतो. माझी सही नसेल तर चित्र लागत नाही, असा नियम आहे. हा नियम कोणी वापरून पाहिला नव्हता. मीही नाही.

धडे कोणी वाचत नाही, हेही मला आकडेवाल्यानेच सांगितले, अगदी प्रेमाने. ‘काका, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाच्या आधीच पब्लिक गायब. तिसऱ्यात तुम्ही आम्हाला शिव्या घातल्यात तरी चालेल, कोणाला कळणार नाही.’ त्यानंतर मी कितीदा तरी शिव्या मनात तयार केल्या. एकही छापण्याजोगी झाली नाही.

तर त्या बैठकीत बाईंचे चित्र आले ते खालच्या ओळीत, एक करडा डाग.

आकडेवाला म्हणाला, ‘हे काय? भिंतीला ओल आलीय?’

‘पाण्याचं चक्र आहे म्हणे,’ सजावट म्हणाली.

‘मग इथे कशाला पाठवलं? प्लंबरला दाखवा.’

सगळे हसले. मीही हसलो. माझे हसू जरा उशिरा येते, आधी कोशात अर्थ बघून आल्यासारखे. पण आले. त्या महिन्यात हसऱ्या ढगाने बाजी मारली. ढगाला पापण्या होत्या. मी सही केली, कारण ढगाला पापण्या नसतात असे आमच्या कुठल्याच धड्यात म्हटलेले नाही.

पत्र आल्यावर मी ते खिशात घालून हिंडलो. ‘पाहिले’ असे लिहावे तर खोटे, ‘पाहिले नाही’ असे लिहावे तर संस्थेची बेअब्रू. अखेर एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी ते चित्र माझ्या टेबलावरच्या पडद्यावर उघडले आणि मोठे केले. मोठे करायचे बटण शोधण्यातच निम्मी सुट्टी गेली.

ते एक स्वयंपाकघर होते. पेन्सिलीने काढलेले, वर पाण्यात कालवलेला करडा रंग. शेगडीवर केटली उकळते आहे. मागची खिडकी बंद आहे, तिची काच धुरकट झालेली, आणि त्या धुरकटपणातून थेंब एकमेकांत मिसळून वाट काढत खाली आलेले. चौकटीत पाण्याचे लहान तळे. ते टिपायला ठेवलेले फडके. दोरीवर एक टॉवेल, त्याच्याखाली टमरेल. आणि अगदी कडेला कोणाचा तरी कोपर, बाही वर सारलेली, नळाखाली दुसरे भांडे भरणारा. बाण कुठेच नव्हते. आमच्या चित्रफितीत एकवीस बाण आहेत. साहेबांना अभिमान आहे त्यांचा. इथे डोळा आपोआप केटलीपासून काचेकडे, काचेकडून फडक्याकडे फिरत गेला आणि परत नळाशी आला. डोंगर नाही, समुद्र नाही. एका खोलीत पाणी फिरत होते.

मग मला केटलीचे तोंड दिसले. वाफ तोंडाला चिकटलेली नव्हती. तोंड आणि पांढऱ्या ढगाच्या मध्ये बोटभर जागा रिकामी सोडलेली होती.

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बसलो. ती जागा तिथेच होती.

ते माझे वाक्य होते. पाण्याच्या चक्राच्या धड्यात, तिसऱ्या परिच्छेदात: ‘उकळत्या केटलीच्या तोंडाशी नीट पाहा. अगदी जवळ काहीच दिसत नाही. खरी वाफ तिथेच असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. जरा पुढे जाऊन ती निवते, तिचे बारीक थेंब होतात, आणि मग ज्याला आपण वाफ म्हणतो ते पांढरे दिसू लागते.’ त्या ओळींपर्यंत कोणी पोचत नाही असे आकडे सांगत होते. ही बाई पोचली होती, आणि तिने घरी जाऊन केटली ठेवून पाहिलेही असावे.

माझ्या स्वभावाप्रमाणे आनंद व्हायच्या आधी शंका आली. चित्र खरोखर चांगले आहे की तिने मला वाचले म्हणून चांगले वाटते आहे? म्हातारा माणूस फार स्वस्तात विकला जातो. वाटेत थांबून कोणी ‘काय, बरे आहात ना’ विचारले की संध्याकाळपर्यंत तो त्या माणसाला गावातला सर्वांत सज्जन ठरवतो. असल्या माणसाने दुसऱ्याच्या चित्रावर मत द्यावे?

म्हणून मी चित्र कागदावर छापून घरी नेले आणि काही न सांगता बायकोपुढे ठेवले. ती मटार सोलत होती. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिले.

‘टॉवेल चुकलाय,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘ओला टॉवेल असा लटकतो का? ओला असला की खाली ओढला जातो, दोरीला झोळ येतो. हा तर नुकताच इस्त्री करून टाकलाय.’ पुन्हा पाहिले. ‘खोली मात्र मी राहिलेय तिथे, असं वाटतं. कोणी काढलंय?’

मी पत्र दाखवले. तिने वाचले आणि मटारांकडे परतली.

‘मग लिहा की उत्तर.’

‘पाहिलं म्हटलं तर विचारेल, मग निवडलं का नाही?’

‘मग निवडा. तुम्हाला तिथे काय कुंडीत लावायला ठेवलंय?’

‘माझं तिथे कोण ऐकतं?’

‘अहो, तुम्ही बोलल्यावर ऐकायचं की नाही ते ठरेल ना! की लोकांनी तुमच्या मनात उतरून ऐकावं?’

मी थोडे मटार सोलले. त्यातले दोन जमिनीवर गेले.

पुढच्या बैठकीत, पडद्यावर तिकिटे आल्यावर, मी घसा साफ केला. माझा घसा कधीच साफ होत नाही, पण त्यामुळे सगळे माझ्याकडे पाहू लागले.

‘मागच्या खेपेतलं एक चित्र पुन्हा पाहावं, असं मला... म्हणजे मोठं करून.’

‘काका बोलले!’ साहेब टाळी वाजवून म्हणाला. ‘लिहून घ्या रे. कोणतं, काका?’

‘ओल आलेली भिंत,’ मी म्हणालो.

आकडेवाल्याला आठवले आणि तो पुन्हा हसला; एकच विनोद दोनदा कामाला आला की त्याला बढती मिळाल्यासारखे होते. सजावटने चित्र शोधून काढले आणि पडदाभर केले.

मग सजावट म्हणाली, ‘अगं बाई, ही तर खोली आहे!’ तिच्या आवाजात खरे नवल होते. त्या क्षणापुरती मला ती मुलगी आवडली.

‘छान आहे,’ साहेब म्हणाला. ‘नाही, खरंच छान आहे. साधेपणा सध्या चालतोय. घरगुती टच. काका, तुम्ही छुपे रुस्तम निघालात! घेऊ या हे.’

माझ्या कानांत ऊन उतरले. बाईंना काय लिहायचे याचे पहिले वाक्यही मनात तयार झाले. तेवढ्यात साहेब पुढे म्हणाला, ‘फक्त जरा उजळ करू. फार रडकं दिसतंय.’

‘पिवळा टाकू का?’ सजावटने विचारले.

‘टाक. आणि खिडकीत एक हसरा थेंब. मुलांसाठी.’

‘डोळ्यांसकट?’

‘डोळ्यांशिवाय हसणार कसा? बाण पण दे चार-पाच. आणि ते बघ, केटली आणि वाफ तुटलीये. बिचारीचं राहून गेलं असेल. जोडून टाक.’

सजावटने पडद्यावरच रंगाचा एक फराटा मारला आणि पांढरे थेट केटलीच्या तोंडाला जाऊन चिकटले. क्षणाचे काम. चित्र पाठवताना त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की संस्था त्यात योग्य ते बदल करू शकते. ते मात्र कोणीच वाचत नाही, हे मी मान्य करतो.

‘ते राहिलेलं नाही,’ मी म्हणालो.

‘काय, काका?’

‘मधली जागा. ती सोडलेली आहे. तिथे वाफ दिसत नाही.’

‘दिसत नाही म्हणजे? आमच्या केटलीची तर दिसते.’

‘तोंडाशी नाही दिसत. जरा पुढे दिसते.’

‘हे कुठे लिहिलंय?’ आकडेवाल्याने विचारले.

‘आपल्या धड्यात. तिसऱ्या परिच्छेदात.’

त्याने विजयाने टेबलावर हात आपटला. ‘बघा! म्हणजे कोणालाच माहीत नाही! लोकांना वाटेल आपलंच चुकलं. खाली शेरे पडतील.’

‘पण ते बरोबर आहे.’

‘काका,’ साहेब समजुतीने म्हणाला, आणि त्याचा हात माझ्या खांद्याकडे यायला निघाला, ‘सगळ्यांना चूक वाटतं त्याला काय म्हणायचं? चूकच ना? आपण शिक्षणाचं काम करतो. लोकांना गोंधळात टाकून कसं चालेल? करा सही.’

कागद माझ्यापुढे आला. मी पेन उघडले. खरे सांगतो, सही होणारच होती. माझा हात त्या शब्दापुढे आपोआप जातो, बैलाला गोठा दाखवावा लागत नाही तसा. बाईंचे नाव पहिल्या पानावर लागले असते. डेपोतल्या लोकांनी पाहिले असते, घरच्यांचे हसणे बंद झाले असते. पृथ्वी आणि दिवे आणि पापण्यांच्या शेजारी एक खोली तरी आली असती, पिवळी का होईना. मी कोण तिचे नशीब अडवणारा? पण तिने काही नशीब मागितले नव्हते. कोणी पाहिले का, एवढेच विचारले होते. आणि पाहून झाल्यावर पहिली गोष्ट आम्ही केली ती ही, की जिथे तिने नीट पाहिले होते तिथेच रंग फासला.

मी पेनाला टोपण लावले. ‘यावर माझी सही नाही होणार.’

‘का बरं?’

‘अचूक नाही म्हणून.’

आकडेवाल्याने सजावटकडे पाहिले, सजावटने पडद्याकडे. साहेब हसला. ‘मावशीला फोन लावू का, काका?’

‘लाव. तिचं टॉवेलबद्दलही म्हणणं आहे.’

हे मी बोललो की दुसरे कोणी, याची मला अजून शंका आहे. साहेबाचा हात अर्ध्यावरूनच मागे गेला. तो रागावलाही नाही; मी ज्या सहीला आयुष्याचा प्रश्न समजत होतो ती त्याच्या दृष्टीने एक मिनिटाचा खोळंबा होती. ‘बरं, राहू द्या. दुसरं घ्या. पृथ्वी आहे का?’

पृथ्वी होती. असतेच. नवे दोन तळहात, त्यांत निळा गोळा, भोवती फुलपाखरे. कागद पुन्हा माझ्यापुढे आला. मी गोळा नीट पाहिला. पृथ्वी गोल होती. मी सही केली.

घरी येऊन मी लिहायला बसलो. दिवस अजून बऱ्यापैकी शिल्लक होता. कागदावर कागद फाडले. विश्वकोशात मी अख्ख्या खंडांच्या नोंदी लिहिल्या आहेत, पण तिथे समोर कोणी वाट पाहत नसे. एकदा फारच कौतुक झाले, एकदा फारच परीक्षकाचा आव आला, एकदा तर मी माझीच हकिगत सांगत सुटलो.

‘उत्तर लिहिताय की मृत्युपत्र?’ बायको दारातून म्हणाली.

‘सहीचं सांगू की नको, तेच कळत नाही.’

‘नका सांगू. पहिल्या पानावर येता येता राहिलं म्हटल्यावर जीव तळमळेल तिचा. वर तुम्हाला शिव्या देईल.’

‘देईल.’

‘मग?’

‘पाहिलं का, असं तिने विचारलंय. पाहून काय केलं, तेही त्यातच आलं ना.’

बायकोने मान डोलावली. हे लग्नानंतर फार थोड्या वेळा घडले आहे. मग म्हणाली, ‘टॉवेलचं लिहा मात्र. माझ्या नावावर नको.’

शेवटी जे लिहिले ते असे:

‘बाईसाहेब, तुमचे चित्र आमच्या बैठकीत कोणी पाहिले नव्हते, तिकिटाएवढा एक डाग पाहिला आणि त्यावर एक विनोद झाला. त्याला हसणाऱ्यांत मी होतो. तुमच्या पत्रानंतर मी ते मोठे करून पाहिले. मी चित्रकार नाही, तेव्हा माझ्या मताला तेवढेच वजन द्या. पाणी खोलीत फिरते आहे ते बाणांशिवाय दिसते. कडेचा कोपर फार चांगला आहे. टॉवेल चुकला आहे. तो ओला असल्याचे दिसत नाही, दोरीला झोळ हवा. माझ्या घरच्या अनुभवी माणसाचे तसे मत आहे. केटलीच्या तोंडाशी तुम्ही जागा सोडलीत ती बरोबर आहे. तो धडा मी लिहिला आहे. त्या ओळीपर्यंत आलेले दुसरे कोणी मला माहीत नाही, म्हणून माझे मत निर्मळ आहे असा दावा करत नाही. यानंतर तुमचे चित्र पहिल्या पानावर घ्यायचे ठरले होते. ती जागा बुजवून, पिवळा रंग देऊन, खिडकीत हसरा थेंब बसवून. मी सही दिली नाही, म्हणून ते लागले नाही. तुम्हाला न विचारता मी हे केले. तुम्हाला राग आला तर तो रास्त असेल, आणि तसे लिहिलेत तर मी या वेळी लगेच उत्तर देईन. चित्रशाळेत जा. घरचे हसतील. आमच्याकडेही हसतात, आणि काय पाहून हसतात ते मी रोज पाहतो.’

शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले आणि दोनदा पुन्हा लिहिले. पत्रात अवमान नसावा, असे आम्हाला शिकवले होते. पण तो काढला की पत्रात फारसे काही उरत नव्हते.

महिना संपायला थोडेच दिवस होते. टपालपेटीपर्यंत मी एरवीपेक्षा भरभर चाललो. तिथे पोचल्यावर वाटले, पाकीट जड आहे, एका तिकिटावर जाणार नाही. खिशात आणखी एक होते, ते लावले. मग ते वाकडे लागले असे वाटले. पेटीच्या फटीत पाकीट अर्धे घालून मी उभा राहिलो. ‘चित्रशाळेत जा’ हे लिहायचा मला काय अधिकार, ‘जावे असे वाटते’ पुरे झाले असते, पाकीट अजून उघडता येईल, घरी डिंक आहे. मागे एक अनोळखी बाई स्वतःचे पत्र घेऊन उभी होती.

‘आजोबा, टाकताय ना?’ ती म्हणाली.

‘हो, हो,’ म्हणत मी वळलो, आणि वळताना पाकीट हातातून सुटून पेटीत पडले.